बेळगावहून कुंदा, मांडे, करदंट न्यायचाय? आधी घरी कधी पोचणार ते सांगा

मी शहापुरात राहते, म्हणजे बेळगावातल्या शहापुरात, त्यामुळे वर्षातून दहा-बारा फोन तर हमखास येतात. पुण्याची आत्या, डोंबिवलीची मैत्रीण, भावाच्या ऑफिसातलं कोणीतरी, सगळ्यांचा प्रश्न एकच, "गोव्याहून येताना बेळगाववरून जाणार आहोत, कुंदा कुठल्या दुकानातला घेऊ?" आणि मी दर वेळी उलट विचारते की घरी कधी पोचणार, आणि ज्यांना द्यायचाय त्यांच्या हातात तो कधी पडणार. समोरच्याला वाटतं ही विषय टाळतेय, पण खरंच आमच्याकडची मिठाई घेताना पहिला प्रश्न हाच, दुकान कुठलं हा त्याच्या नंतरचा. चांगल्यातल्या चांगल्या दुकानातला कुंदा घेतला आणि तो चौथ्या दिवशी मे महिन्यात कोणाच्या हातात दिला तर नाव बेळगावचंच खराब होतं, आणि ते मला मनापासून लागतं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

पहिलं काम, दिवस उलटे मोजा

आमच्या भागात न्यायला मुख्य चार वस्तू आहेत. कुंदा, मांडे, गोकाकचा करदंट, आणि पुढे धारवाडपर्यंत जाणार असाल तर पेढा. चारही टिकायला अगदी वेगवेगळ्या. मी ज्या हिशोबाने देते तो असा:

कुंदा दुधाचा, त्यामुळे सगळ्यात नाजूक. उन्हाळ्यात बाहेर दोन दिवस, थंडीत तीन-चार, फ्रिजमध्ये आठवडाभर. धारवाडचा पेढा जास्त भाजलेला आणि कोरडा असतो, तो आठ दिवस आरामात जातो. मांडे हवाबंद डब्यात पंधरा दिवस कुरकुरीत राहतात. करदंटात दूधच नाही, गूळ, डिंक, तूप, सुकामेवा, तो महिनाभर तरी कुठे जात नाही.

म्हणजे काय, तर आज रात्रीच्या गाडीने निघून उद्या सकाळी घरी असाल तर बिनधास्त कुंदा घ्या. अजून तीन दिवस फिरून मग घरी जाणार असाल तर करदंट आणि मांडे घ्या, आणि कुंदा फक्त हॉटेलवर बसून खाण्यापुरता पावशेर घ्या. परदेशी कोणाला पाठवायचंय तर करदंटच, पण त्या देशात काय नेऊ देतात ते आधी बघून घ्या.

आणि ट्रिपच्या सुरुवातीला कधीच खरेदी करू नका. कोल्हापूरकडून बेळगावला आलात, इथे कुंदा घेतलात, मग चोर्ला घाटातून गोव्याला गेलात, तिथे तीन दिवस डबा गाडीच्या डिकीत... असं करून नंतर मला फोन करणारे लोक आहेत. जाताना चव बघा, दुकान ठरवा, येताना घ्या.

आता वस्तू ओळखायला शिका

कुंदा म्हणजे कलाकंद नाही आणि मऊ खवाही नाही. मोठ्या कढईत दूध आटवायचं, ते थोडं फाटून दाणा धरतं, मग साखर घालून परतत राहायचं, परतत राहायचं, इतकं की दुधातली आणि वरची साखर दोन्ही भाजून रंग तपकिरी होतो. सगळी चव त्या भाजण्यात आहे. आमच्याकडे सांगतात की राजस्थानकडून आलेल्या एका मिठाईवाल्याचं दूध चुलीवर जास्त वेळ राहिलं आणि त्यातून हा पदार्थ झाला. गोष्ट लहानपणापासून ऐकलेली आहे, आणि कढईजवळ उभं राहिलं की पटते, कारण पहिला अर्धा तास नुसत्या दुधाचा वास असतो आणि मग एका क्षणी तो बदलतो, जरा करपल्याच्या अलीकडचा, कॅरमलसारखा, आणि आचारी तेव्हा हात एकदम भराभर चालवायला लागतो कारण तिथून पुढे खाली लागायला वेळ लागत नाही.

चांगला कुंदा बघायचा कसा? थोडासा दोन बोटांत घेऊन चोळा. दाणे सुटे व्हायला पाहिजेत, बोटाला तुपाचा हात लागला पाहिजे पण तूप ओघळायला नको. दाताखाली साखर करकरली तर तो घाईत केलेला किंवा जुना होऊन साखर सुटलेली. एकसारखा गुळगुळीत लगदा असेल तर तो नुसता खवा-साखर परतून रंगवलेला. आंबूस वास आला तर घ्यायचाच नाही, दुकानदार काहीही म्हणू दे. रंग दुकानागणिक फिका-गडद असतो, त्यावरून लगेच निकाल लावू नका, काही जण मुद्दाम कमी भाजतात. मला स्वतःला गडद आवडतो.

सणासुदीला खव्यात स्टार्च मिसळतात अशी शंका असेल तर घरी एक साधी टेस्ट होते. थोडा पदार्थ पाण्यात उकळायचा, पूर्ण गार करायचा, वर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब. निळा रंग आला तर स्टार्च आहे. अर्थात तोवर पैसे गेलेले असतात, पण पुढच्या वेळेला ते दुकान बाद.

मांडे. "मनात मांडे" हे सगळ्या मराठी माणसांना माहीत, मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ही गोष्टही माहीत, पण खरा मांडा हातात घेतलेले लोक कमीच. खानदेशातला पुरणाचा मांडा मऊ असतो, आमचा बेळगावचा वेगळा, कोरडा, कुरकुरीत, घडी घातलेल्या रुमालासारखा. आत तूप, पिठीसाखर, खसखस, वेलची. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी करतात, लग्नसराईत त्यांच्या घरी उभं राहायला जागा नसते. पालथी घातलेली मोठी कढई, खाली जाळ, वर ती कागदासारखी पोळी टाकली की मिनिटभरात फुलल्यासारखी होते, आणि मावशी उलथन्याच्या टोकाने एक बाजू उचलून चटचट घडी घालतात, एक, दोन, आणि झाला चौकोन. गार झाला की मांडा कडक होतो, मग घडी पडत नाही, तुकडेच पडतात. लग्नाच्या रुखवतात आणि शिदोरीत इथे मांडे लागतातच, म्हणून लग्नसराईत आयत्या वेळी मिळतील असं धरून चालू नका, दोन-चार दिवस आधी सांगून ठेवा. बऱ्याच ठिकाणी वजनावर नाही, नगावर देतात. घेताना बघायचं ते एवढंच की मांडा वाकवल्यावर कट्कन तुटतो की लवतो. लवला तर हवा लागलीय. आणि नाकाशी धरा, जुन्या तुपाचा खवट वास लगेच कळतो.

करदंट हा शब्द कन्नडमधून आलाय, करिद म्हणजे तळलेला आणि अंटु म्हणजे डिंक. तळलेला डिंक, गूळ, सुकं खोबरं, काजू, बदाम, खारीक, खसखस असा ऐवज. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात त्याच घराण्यातला पदार्थ, फक्त वडीच्या रूपात आणि चिवट. प्रसिद्ध तो गोकाकचा. बागलकोट जिल्ह्यातलं अमीनगड हे गावही करदंटासाठी तेवढंच ओळखलं जातं. एकाच दुकानात दोन-तीन प्रतीचा मिळतो, फरक मुख्यतः सुक्यामेव्याच्या प्रमाणात. स्वस्तातला घेतलात तर खोबरं आणि गूळच जास्त लागणार, त्यात फसवणूक काही नाही, पण भेट द्यायला वरचा घ्या. वडी मोडून बघा, आत काजूचे अख्खे तुकडे दिसतात की चुरा, तिथे सगळं कळतं.

पेढ्याबद्दल थोडक्यात. धारवाडच्या पेढ्याला जीआय मानांकन आहे. प्लेगच्या काळात उत्तर प्रदेशातल्या उन्नावकडून आलेल्या ठाकूर घराण्याने तो धारवाडात सुरू केला. तिथे ठाकूर आणि मिश्रा ही दोन नावं मुख्य, ठाकुरांचा लाइन बाजारातला. बेळगावपासून धारवाड साधारण ७५ किलोमीटर आहे, हुबळीकडे जाणार असाल तरच तिथे थांबा, नुसत्या पेढ्यासाठी गाडी फिरवू नका, बेळगावातही मिळतो.

कुठे जायचं

बेळगाव शहरात मिठाईची दुकानं मुख्यतः कॅम्प भागात आणि गावातल्या बाजारात, म्हणजे खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली या पट्ट्यात. शिवाय टिळकवाडी आणि शहापूरलाही चांगली आहेत. बाहेरून आलेले लोक "पुरोहित कुठाय" असं विचारतात आणि रिक्षावाला जवळच्या पुरोहितकडे नेऊन सोडतो. हे लक्षात ठेवा की पुरोहित नावाची दुकानं एकापेक्षा जास्त आहेत. कॅम्पातलं पाहिजे असेल तर "कॅम्प पुरोहित" असं पूर्ण सांगा. पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात, मराठी वाचायची सवय असलेला माणूस दुकानासमोरून दोनदा पुढे जातो, म्हणून जवळची खूण विचारून घ्या, चौक, देऊळ, बँक असं काहीतरी.

गाडी घेऊन गणपत गल्लीत शिरू नका. खरंच नका. बाहेर कुठेतरी लावा आणि चालत जा, बाजार चालत बघण्यासारखाच आहे.

रेल्वेने नुसते पुढे जाणार असाल तर स्टेशन सोडून दुकान गाठायचा प्रयत्न करू नका, गाडीचा थांबा तेवढा नसतो. ओळखीचं कोणी असेल तर फलाटावर डबा आणून द्यायला सांगा, आमच्याकडे हे काम लोक आनंदाने करतात. फलाटावर विकायला डबे दिसले तर डब्यावरची तारीख वाचूनच घ्या, तारीख नसेल तर राहू दे.

गोकाकला जाणार असाल तर धबधबा आणि करदंट एकाच फेरीत होतं. घटप्रभेचा हा धबधबा साधारण ५२ मीटरचा, पाणी बघायचं तर जुलै ते सप्टेंबर. धबधबा गोकाक गावापासून काही किलोमीटर अलीकडे आहे, करदंट मात्र गावात जाऊन घ्या, तिथे खप जास्त म्हणून माल ताजा.

काउंटरवर काय बोलायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी इथे मराठीत बिनधास्त बोला. गोकाक, धारवाडला कन्नड चालतं, हिंदीही चालते, पण दोन शब्द कन्नड बोललात तर समोरच्याचा चेहरा खुलतो, हे मी पन्नास वेळा बघितलंय. "एष्ट री?" म्हणजे कितीला. "स्वल्प कोड्री" म्हणजे थोडं द्या, चव बघायला. "इवत्तिंदेन्री?" म्हणजे आजचंच आहे का. शेवटचा "री" विसरू नका, तो आदराचा, आपल्या "हो" किंवा "जी"सारखा.

चव मागायला लाजू नका. चांगला दुकानदार स्वतःच कागदावर चमचाभर काढून देतो. चव देत नसेल तर मी तरी पुढच्या दुकानात जाते.

मग तारीख. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेसमोर कधीपर्यंत खावी ती तारीख लावणं एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, बंधनकारक केलंय. पाटी दिसली नाही तर विचारा, तो तुमचा हक्क आहे, त्यात भांडण कसलं. बंद डब्यावर १४ आकडी लायसन्स नंबर, बनवल्याची तारीख आणि निव्वळ वजन हे तिन्ही पाहिजे. मी तर सरळ विचारते, "अण्णा, मला हा परवा मुंबईत द्यायचाय, चालेल काय?" असं विचारलं की बहुतेक जण खरं सांगतात. एकदा एका वयस्कर दुकानदाराने समोरचा ट्रे बाजूला सारून आतून सकाळची ताजी कढई उतरवलेला कुंदा आणून दिला होता, फक्त मी कुठे नेणार ते सांगितलं म्हणून.

वजन. हे नीट वाचा. पुठ्ठ्याचा डबा मिठाईबरोबर वजनात धरायचा नसतो, आधी रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मग भरायचं. एका दुकानात, नाव लिहीत नाही, मी चार किलो कुंदा घेतला होता बहिणीच्या डोहाळजेवणासाठी, आणि घरी येऊन सहज वजन केलं तर प्रत्येक किलोमागे ६० ग्रॅम कमी. ते चार जाडजूड डबे मला मिठाईच्या भावाने विकले होते. परत गेले, शांतपणे सांगितलं, त्यांनी भरून दिलं, पण तेव्हापासून माझी नजर आधी काट्यावर जाते. तुम्हीही "डबा वजा करा की" एवढं म्हणा, पुरतं.

किती घ्यायचा? कुंदा गोड आणि जड असतो, एका माणसाला ५० ग्रॅम धरा, म्हणजे एका किलोत २० जण. लोक उत्साहात तीन-चार किलो घेतात आणि घरी फ्रिजमध्ये तो दहा दिवस पडून राहतो. द्यायचा असेल तर एक मोठा डबा घेऊन घरी वाटत बसण्यापेक्षा पाव-पाव किलोचे वेगळे डबे भरून घ्या, सारखा उघडला नाही की जास्त टिकतो.

पॅकिंग आणि प्रवास

गरम कुंदा बंद डब्यात कधीही भरून घेऊ नका. माझ्याकडून ही चूक झालीय. मावशीला द्यायला म्हणून संध्याकाळी ताजा गरम कुंदा घेतला, वर प्लॅस्टिक घट्ट बांधून घेतलं, रात्रीच्या बसने मुंबईला गेले. सकाळी दादरला डबा उघडला तर झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब, वरचा थर ओलसर, आणि वास आंबूस. मावशी काही बोलली नाही, "राहू दे गं, आलीस ना" म्हणाली, पण माझ्या डोळ्यात पाणी आलं. वाफ आत कोंडली की दुधाचा पदार्थ खराब होणारच. म्हणून दुकानात गार झालेला मागा, आणि गरमच असेल तर अर्धा तास झाकण उघडं ठेवून थांबा, तोवर बाजारात फिरा.

गाडीत डिकीत ठेवायचं नाही, उन्हात डिकी भट्टी होते. पुढच्या सीटच्या पायाशी, एसीची हवा लागेल असं. बसमध्ये वरच्या रॅकपेक्षा मांडीवर बरा. लांबचा प्रवास आणि उन्हाळा असेल तर भाजी-दुधासाठी मिळते तशी थर्मल पिशवी घ्या, आत गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून.

मांड्यांची काळजी उलटी. त्यांना उष्णता चालते, दमट हवा आणि धक्का चालत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे, खास करून खानापूर आणि चोर्लाच्या बाजूला, हवाच ओली असते, दुकानाच्या पातळ पिशवीतले मांडे दोन तासांत लवायला लागतात. घरून निघतानाच एक स्टीलचा चपटा डबा घेऊन या, मांडे आडवे एकावर एक रचा, वरच्या रिकाम्या जागेत कागदाचा बोळा घाला म्हणजे हलणार नाहीत. हा डबा सगळ्या सामानाच्या वर. करदंटाला काहीच लागत नाही, बॅगेच्या तळाशी टाका.

या दिवसांत येणार असाल तर

१ नोव्हेंबरला शक्यतो खरेदीचा बेत ठेवू नका. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी माणसं काळा दिवस पाळतात, मधल्या भागातले रस्ते बंद असतात, बरीच दुकानंही. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये, म्हणजे हायवेलगतच्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा हॉटेल मिळत नाही आणि हायवेवर बंदोबस्त असतो, वेळ हातात ठेवून या. सीमाप्रश्न तापला की महाराष्ट्र-कर्नाटक बस कधीकधी मध्येच थांबवतात, तेव्हा नाशवंत माल घेण्याआधी स्टँडवर गाड्या चालू आहेत का ते विचारा. गणपती आणि दिवाळीत गर्दी खूप, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा.

घरी पोचल्यावर

कुंदा लगेच स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात काढा, पुठ्ठ्यात ठेवू नका, पुठ्ठा तूप शोषतो. फ्रिजमधून काढलेला तसाच थंडगार खाऊ नका, तूप गोठून दाणा मेणासारखा लागतो. वाटीत काढून अगदी मंद आचेवर पातेल्यात कोमट करा, किंवा मायक्रोवेव्हला दहा-पंधरा सेकंद, वास आला की बास. ओला चमचा डब्यात घालायचा नाही.

मांडा नुसताही चांगला, पण आमच्याकडे तो वाटीत कुस्करून वर गरम दूध आणि चमचाभर तूप घालून खातात. दूध घातल्यावर लगेच खा, दोन मिनिटं थांबलात तर त्याची खीर होते. आजी-आजोबांना, दात नसलेल्यांना, थोडं थांबूनच द्या.